अंगणातला खोटा बांबू

६ डिसेंबर १९६२, टोकियो

तोमिए,

पोचलो. बराक गेल्या वर्षीपेक्षा बरी आहे. म्हणजे छत गळतं, पण एकाच कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात दाइसाकु झोपतो. हा अकिताकडचा म्हातारा माझ्या जोडीला फावडं मारतो. तोंडाला फाटका आहे, पण कामाला वाघ. रस्त्याच्या पोटात आगगाडीसाठी बोगदा खणतोय आम्ही. वर मोटारी, खाली आम्ही. इथे बर्फ नाही, नुसतं कोरडं आकाश. त्याला इथले लोक हिवाळा म्हणतात आणि गळ्याला मफलर गुंडाळून हू हू करत फिरतात. हसू येतं.

आता कामाचं. अंगणातल्या भाजीच्या खड्ड्याचं लक्षात आहे ना? बर्फातून दिसावा म्हणून खुणेचा बांबू जिथे रोवलाय तिथे काहीही नाही. बांबूपासून अक्रोडाच्या झाडाकडे नऊ पावलं. माझी नऊ, तुझी बारा होतील. तिथे पेंढ्याखाली मुळे उभे रचलेत, गाजरं उजव्या हाताला, अळकुड्या तळाशी. बर्फ डोक्यावर जायच्या आत एकदा उघड, पंधरा दिवसांचं काढून घे आणि पेंढा पुन्हा नीट दाबून बसव. फट राहिली तर सगळं गोठून काळं पडेल, मग वसंतापर्यंत लोणचं आणि भात, भात आणि लोणचं.

आणि हे कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. तू तसं कबूल केलंयस. "अहो, पण लोक बांबू खऱ्या जागी लावतात. तुम्ही असं का?" असं विचारलंस तेव्हा मी म्हणालो, चोर. तू म्हणालीस, "आपल्या गावात मुळे कोण चोरणार?" आणि तोंडावर हात धरून हसलीस. हसलीस तर हसलीस. कबूल केलंयस ते पाळ.

छपरावरचा बर्फ शेजारचा कांसुके काढेल. दर वर्षी काढतो, सगळ्यांचाच काढतो. गावचे पुरुष सगळे इकडे आणि तो एकटा तिकडे. तसल्या पायाला इथे कोण कामावर घेणार? काढू दे. झाल्यावर चहा दे, ओसरीवर. आत बोलवायची गरज नाही, जोड्यांचा बर्फ चटईवर वितळतो.

आईला सांभाळ.

तोकुझो


२२ डिसेंबर

तोमिए,

तुझं पत्र आलं. अख्खं एक पान. आई बरी आहे, बर्फ छातीपर्यंत आलाय, आणि मग ही ओळ: "मुळे छान राहिलेत, कांसुके-सानांनी खणून काढून दिले."

ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. दाइसाकु बाजूने म्हणाला, "काय रे, बायकोचं पत्र आहे का कोर्टाचं समन्स?" त्याला म्हटलं, तू तुझी गळती बघ.

पहिली गोष्ट. हा 'कांसुके-सान' कधीपासून झाला? गेल्या वर्षापर्यंत तो 'शेजारचे' होता. मी दोन आठवडे लांब काय गेलो, शेजारच्यांना नाव आलं, नावाला मानाचं सान आलं.

दुसरी गोष्ट. कुठे खणलं त्याने? बांबूपाशी खणलं असतं तर दगड मिळाले असते. मुळे मिळाले, म्हणजे अक्रोडाकडे खणलं. म्हणजे ती नऊ पावलं त्याला कोणीतरी सांगितली. जगात ती दोनच माणसांना माहीत, आणि त्यातला एक इथे टोकियोच्या रस्त्याखाली चिखलात उभा आहे.

एक गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. आपल्या दोघांत राहू दे म्हटलं होतं. काही सोन्याचा हंडा नव्हता, मुळे होते. तेवढंही राहिलं नाही तुझ्या पोटात? कसं सांगितलंस? बरोबर चालून दाखवलंस का? तू बारा पावलं टाकलीस, आणि त्या लंगड्याने किती टाकली?

तुझ्या वडिलांनी आधी त्याच्या घरी विचारलं होतं हे मला माहीत नाही असं तुला वाटतं की काय? सगळं ठरत आलं होतं. मग जंगलात ओंडका घसरला, त्याचा पाय कामातून गेला, आणि तुझे वडील आमच्या ओसरीवर येऊन बसले. एक ओंडका घसरला म्हणून तू माझ्या घरात आहेस. चार वर्षांत हे मी एकदाही बोललो नाही. आज लिहितोय, कारण तू समोर नाहीस. समोर असलीस की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

थंडी खाल्ली की मुळे गोड होतात. झाले का? त्यालाही वाटीभर कालवण दिलंच असशील.

तोकुझो


२७ डिसेंबर

श्री. कांसुके यांस,

शाळेत आपण एका बाकावर बसत होतो, ते बाजूला ठेवून लिहितो.

नम्र विनंती अशी की आपण यापुढे माझ्या अंगणात पाऊल ठेवू नये. छपरावर चढू नये, वाट काढू नये, खणू तर मुळीच नये. माझ्या घरी फावडं आहे आणि ते धरणारे हातही आहेत. आजवर केलेल्या मदतीबद्दल आभारी आहे.

नवीन वर्ष आपल्याला सुखाचं जावो.

तोकुझो

ता. क. हे पत्र तोमिएला दाखवायचं कारण नाही.


२५ जानेवारी १९६३

तोमिए,

महिना झाला. ओळ नाही. या महिन्यातली ही माझी तिसरी चिठ्ठी, आधीच्या दोन मिळाल्या का तेही कळत नाही. गाड्या परवापासून बंद झाल्यात हे मला माहीत आहे. पण परवापर्यंत तर चालू होत्या ना? तेव्हा काय हात बांधून बसली होतीस?

वर्तमानपत्रात आपल्याकडचे फोटो आलेत. एका घराचं नुसतं धुराडं दिसतंय आणि बाई पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पडतेय. बराकीतली सगळी पोरं त्या फोटोभोवती गोळा झाली. जो तो म्हणतो, हे आमचंच. मीही म्हणालो. मग नीट पाहिलं. आपल्या खिडकीपलीकडे अक्रोड दिसतो, तिथे नव्हता.

छप्पर कोणी साफ केलं? खरं सांग. त्याने केलं असेल तर मला सांगू नकोस. कोणीच केलं नसेल तर लगेच कळव. नाही, त्याने केलं असेल तरी कळव. काय लिहितोय माझं मलाच कळत नाहीये.

फावडं मारताना डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एकदा दिसतं, तो आपल्या आगटीपाशी बसलाय, आई त्याला गाजर वाढतेय आणि तू तोंडावर हात धरून हसतेयस. मग तळपायाची आग मस्तकात जाते, आणि दाइसाकु ओरडतो, "हळू रे बाबा, उद्या अमेरिकेत बाहेर पडशील!" एकदा दिसतं, आगटी विझलीय, आढं वाकलंय आणि तुम्ही दोघी आत आहात. मग फावडंच उचलवत नाही. यातलं कोणतं जास्त वाईट ते मला आज सांगता येणार नाही. पूर्वी सांगता आलं असतं, आणि उत्तर ऐकून तुला माझा रागच आला असता.

लिही. शिव्या लिही, पण लिही.

तोकुझो


२ फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र आज मिळालं. टपालवाले गाडी सुरू असलेल्या स्टेशनापर्यंत दोन दिवस बर्फातून चालत आले म्हणे. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि माझं डोकं फिरलं. कांसुकेचं अक्षर! शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मास्तर त्यालाच उठवायचे, मी विसरेन होय? आत 'गाढवा' हा शब्द तीन वेळा आहे, आणि तिन्ही वेळा त्याने जरा जास्तच वळणदार काढलाय. तू सांगत गेलीस आणि तो लिहीत गेला. कमाल आहे तुझी. आणि त्याचीही, स्वतःबद्दलचं सगळं त्याला स्वतःच्याच हाताने लिहावं लागलं.

तर तो बांबूपाशी खणत होता. तो दुखरा पाय घेऊन, सकाळपासून जेवणवेळेपर्यंत. बर्फ उपसला, माती उपसली, पार दगडापर्यंत गेला. आणि तोमिए शेजारी उभी होती, लालबुंद होऊन. त्याने विचारलं, "वहिनी, नक्की इथेच ना?" तर म्हणाली, "ह्यांनी बांबू लावलाय." एवढंच. ना हो, ना नाही. मला दिलेला शब्द पाळत होती. मग तूच काठी टेकत बाहेर आलीस आणि अक्रोडाकडे बोट दाखवलंस. तुला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि नोव्हेंबरात मी पावलं मोजताना मात्र तुला खिडकीतून सगळं दिसलं! बोलली का नाहीस तेव्हाच? तू म्हणतेस, "मला वाटलं पोरगं नव्या बायकोशी काही खेळ खेळतंय." आई, लग्नाला चार वर्षं झाली.

मी तिला पत्रात काय काय विचारलं होतं ते तुला माहीत नाही. ते कांसुकेकडून वाचून घेऊ नकोस.

बांबूचं तू जे म्हणालीस ते मला लागलं. खड्ड्यावरचा बांबू घरच्यांसाठी नसतोच, घरच्यांना जागा ठाऊक असते. घर तापाने आडवं पडलं, चूल पेटवायलाही कोणी उठत नसलं, तर बाहेरच्याने येऊन चार मुळे काढून शिजवून घालावेत, म्हणून तो असतो. आजोबा गेले त्या हिवाळ्यात आपल्याला असंच कोणीतरी जगवलं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आई. माहीत असून मी खोट्या जागी रोवला. तुम्ही तो उपटून जागेवर लावलात, बरं केलंत.

पुढचं मी तीनदा वाचलं. कांसुके यायचा थांबला. पाय दुखतो म्हणाला. तोमिएला ते पटलं नाही, ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि त्याने माझं पत्र काढून तिच्या हातात दिलं. त्या दिवसापासून ती एकटीच छपरावर चढायला लागली. तो कुंपणापलीकडे उभा राहून बघायचा, आत येत नसे. सव्वीस तारखेला छपरावरचा थर तिला घेऊनच खाली आला. तू ओरडलीस, आणि तो कुंपणापाशी येऊन विचारतोय, "काकू, आत येऊ का?" तेव्हा तू त्याला जी शिवी दिलीस ती त्याने जशीच्या तशी लिहिलीय. डोकं तेवढं वर होतं तिचं, बाकी सगळी गाडली गेली होती. त्याने हातांनी उकरून काढलं.

खांदा सुजलाय, पण हलतो, असं लिहिलंय. देवाची कृपा.

आणि शेवटची ओळ. ती माझी पत्रं उघडत नाही. डिसेंबरातली दोन्ही उघडली होती, त्यानंतरची सगळी चुलीशेजारच्या फळीवर तशीच पडून आहेत. बोचकं बांधून ठेवलंय. खिंडीची वाट मोकळी झाली की माहेरी जाणार, आणि परत येईल असं तुला वाटत नाही.

आई, तिला थांबव. तू सांगितलंस तर ऐकेल. पण तू सांगणार नाहीस, हो ना? तू लिहिलंयस, "मी तिच्या जागी असते तर बर्फ वितळायचीही वाट बघितली नसती." हेसुद्धा त्याने वळणदार काढलंय.

तुझा गाढव,
तोकुझो


३ फेब्रुवारी

कांसुके,

आता 'आपण' नाही. ज्या बाकावर तू मला गणितं दाखवायचास, त्या बाकावरचाच तू.

उद्यापासून गाड्या सुटतायत, पण पहिल्या गाडीत टपाल आणि तांदूळ. माणसांना त्यानंतर दोन दिवसांनी. मी मुकादमाला सांगून टाकलंय, हिशेब राहू दे, मी चाललो. दाइसाकुने त्याचे रबरी बूट दिलेत, मला एक बोट मोठे होतात. स्टेशनापासून पुढे चालतच यायचं आहे. म्हणजे हे पत्र माझ्या आधी दोन दिवस तुमच्याकडे पोचेल. तेवढ्यात खिंड मोकळी झाली तर मी येऊन काय करणार?

तिच्या नावाने लिहिलं तर ती उघडणार नाही. म्हणून तुझ्या नावाने लिहितोय. तू हे तिला मोठ्याने वाचून दाखव. आईला शेजारी बसव. वाचताना कागदाकडे बघ, तिच्याकडे बघू नकोस. गाळू नकोस, गुळगुळीत करू नकोस. तुला सवय आहे, शाळेत धडा वाचायला तुलाच उठवायचे. तेव्हाही माझं पोट दुखायचं. आता इथून वाच.

तोमिए, चोर वगैरे काही नव्हतं. तुझी परीक्षा घ्यायला मी तो बांबू खोट्या जागी लावला. कांसुकेने मुळे खऱ्या जागी काढले तर तू त्याला सांगितलंस असं धरायचं, असं मी मनात ठरवून गाडीत बसलो होतो. सगळा प्रवासभर मी स्वतःवर खूष होतो. तू परीक्षेत उतरलीस असं लिहायलाही मला लाज वाटते. परीक्षा घेणारा मी कोण लागून गेलो? तू चारचौघांत खोटी पडायला आलीस तरी माझा शब्द पाळलास, आणि मी इकडे बसून तुझी पावलं मोजत होतो.

ओंडक्याचं लिहिलं ते तू वाचलंयस. ते खोडता येत नाही. त्यात जे लिहायचं राहिलं ते आता लिहितो. तू त्या ओंडक्यामुळे आलीस याचा मला राग नाही, मला भीती आहे. चार वर्षं मी रोज सकाळी तुझ्याकडे बघून विचार करतो, हिला तो आवडत असेल, मी नुसता मिळालोय. तू ओसरीवर मुळे चिरत बसलीस आणि कोणाच्या बोलण्यावर हसलीस, की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मी तुला कधी हसवलं नाही. मला जमत नाही. तू मला आवडतेस, हे बोलायलाही जमलं नाही. आता जमतंय तेही दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेसुद्धा त्याच्या. हे लिहिताना माझा जीव जळतोय, खोटं कशाला बोलू? तो हे माझ्यापेक्षा छान वाचेल. पण दुसरा कोणताच आवाज आता तुझ्यापर्यंत पोचत नाही.

जाऊ नकोस असं म्हणायला मला तोंड नाही. दोन दिवस थांब. समोर उभी राहून काय बोलायचं ते बोल, मग जा. मी अडवणार नाही.

कांसुके, आता तुझ्यासाठी, पण हेही तिला ऐकू दे. छपरावर चढ. अंगणात ये, आत ये, जोड्यांसकट ये. आणि तरीही ती निघालीच, तर तिला एकटी पाठवू नकोस. या दिवसांत खिंडीच्या वरच्या अंगाला दुपारनंतर बर्फाचे कडे सुटतात, तिला ती वाट माहीत नाही आणि तुला आहे. सकाळीच निघा. कमरेला दोर बांधा, तू पुढे चाल, तिला तुझ्या पावलांत पाऊल ठेवायला सांग. तिचा खांदा दुखतोय, बोचकं तू घे. वरच्या वळणावर वाट अरुंद आहे. तिथे तिचा हात धर आणि माहेरचं छप्पर दिसेपर्यंत सोडू नकोस.

हेही मोठ्यानेच वाच.

तोकुझो